दगड ओळखला कोणी, नाव लागले कोणाचे?

इतिहासाच्या पुस्तकात 'अमुक साहेबांनी शोध लावला' असे वाक्य आले की आम्ही आधी एकच प्रश्न विचारतो. शोध लागला त्याच्या आदल्या दिवशी तिथे कोण राहत होते? त्यांना ती वस्तू दिसत नव्हती काय? ती काय कामाची आहे हे त्यांना कळत नव्हते काय?

हा प्रश्न आम्ही आज एका दगडाच्या निमित्ताने विचारणार आहोत. दगड कसला, लोखंडाचा प्रचंड गोळाच तो. हाताला जड, रंगाने काळपट-तांबूस, घासला की धातूसारखा चकाकणारा, चुंबकाला घट्ट धरणारा. वजन सुमारे ३१ टन. आज तो न्यू यॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संग्रहालयात आहे. वजन इतके, की त्याला पेलणारे खांब थेट इमारतीखालच्या खडकापर्यंत उतरवावे लागले. शोधकर्ता म्हणून नाव रॉबर्ट पियरी या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याचे. हा दगड आपल्या देशातला नाही. तरीही त्याचा इतिहास आंबेडकरी तरुणांनी वाचायलाच हवा, कारण 'ज्ञान कोणाचे आणि मालकी कोणाची' हा प्रश्न इतक्या उघडपणे क्वचितच समोर येतो.

बर्फातले लोहार

ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावर केप यॉर्क नावाचा भाग आहे. तिथे राहणारे इनुइट लोक स्वतःला इनुग्हुइट म्हणवतात. त्या भागात झाड उगवत नाही. झाड नाही म्हणजे कोळसा नाही, आणि कोळसा नाही म्हणजे भट्टी लावून खनिजातून लोखंड गाळणे शक्य नाही. असे असूनही या लोकांच्या हातात लोखंडी पात्यांच्या सुऱ्या होत्या, लोखंडी टोकाचे भाले होते.

हे लोखंड आकाशातून आलेले होते. हजारो वर्षांपूर्वी तिथे एक प्रचंड लोह-उल्का पडली आणि तिचे तुकडे किनाऱ्यावर विखुरले. इनुग्हुइटांनी ते ओळखले आणि वापरले. भट्टीशिवाय, केवळ ठोकून. कठीण बसॉल्टचे दगड दूरवरून आणायचे, त्यांनी उल्केवर घाव घालून लहान कपच्या काढायच्या, त्या थंडच ठोकून चपट्या करायच्या आणि हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या मुठीत ओळीने बसवायच्या. अशा घाव घालणाऱ्या दगडांचा मोठा ढीग त्या उल्केभोवती सापडला आहे. ही एका पिढीची मेहनत नव्हे, कित्येक शतकांचा तो कारखाना आहे. तिथले लोखंड व्यापारातून शेकडो मैल लांब, कॅनडाच्या उत्तर टोकापर्यंत गेल्याचे पुरातत्त्वज्ञांना आढळले आहे. तिथल्या एका वस्तीचे सविसिविक हे नावसुद्धा लोखंडावरूनच पडलेले आहे.

१८१८ मध्ये जॉन रॉस हा ब्रिटिश दर्यावर्दी तिथे पोहोचला. या लोकांकडच्या लोखंडी सुऱ्या पाहून तो चकित झाला. त्याने विचारले, त्यांनी सांगितले: लोखंडाचा डोंगर आहे, तिथून आणतो. रॉसने नमुने इंग्लंडला नेले. तपासणीत लोखंडाबरोबर निकेल सापडले. निकेल ही उल्केची खूण, कारण जमिनीतल्या खनिजातून गाळलेल्या साध्या लोखंडात ते सहसा इतके नसते. म्हणजे प्रयोगशाळेने काय केले? ज्यांना लोखंड ठाऊक होते त्यांच्या सांगण्यावर शिक्का मारला. हे कामही महत्त्वाचेच, ते आम्ही नाकारत नाही. पण शिक्का मारणारा आणि दगड ओळखणारा हे दोन वेगळे लोक होते.

दगडावर कोरलेले 'पी'

पुढची ७५ वर्षे युरोपची जहाजे तो डोंगर शोधत होती. कोणालाही सापडला नाही. मे १८९४ मध्ये पियरीला तो 'सापडला'. कसा सापडला? एका स्थानिक इनुइट वाटाड्याने त्याला बर्फावरून थेट त्या जागी नेऊन उभे केले. वाटाड्याने बोट दाखवले, पियरीने बर्फ उकरला, आणि उघड्या पडलेल्या धातूवर आपल्या आडनावाचे पहिले अक्षर, इंग्रजी 'पी', ओरखडून ठेवले. पुरावा म्हणून! शेकडो वर्षे ज्या धातूवर इनुइट हातांचे घाव पडले, त्यावर एका माणसाने एक अक्षर ओरखडले आणि तेवढ्याने तो शोधकर्ता झाला.

लिहिता येणे ही केवढी मोठी सत्ता आहे हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. हजारो वर्षे अक्षर कोणाच्या हातात होते आणि हत्यार-अवजार कोणाच्या हातात होते, हे आपण जाणतो.

इनुइट या दगडांना तंबू, बाई आणि कुत्रा अशा अर्थाच्या नावांनी ओळखत. १८९५ मध्ये पियरीने 'बाई' आणि 'कुत्रा' जहाजावर चढवले. 'तंबू' सर्वांत मोठा. १८९६ ची खेप फसली, १८९७ मध्ये तो 'होप' नावाच्या जहाजावर चढला. खणणे, ओढणे, ढकलणे या कामांत इनुइट माणसे राबली. पियरीचा कृष्णवर्णीय सहकारी मॅथ्यू हेन्सनही या मोहिमांत होता. इनुइटांची भाषा अस्खलित बोलणारा, त्यांच्याकडून कुत्र्यांची गाडी हाकायला शिकलेला हा माणूस. पुढे १९०९ च्या उत्तर ध्रुव मोहिमेतही तो पियरीसोबत होता. जगाने पियरीला डोक्यावर घेतले. हेन्सनला न्यू यॉर्कच्या एक्स्प्लोरर्स क्लबचे सदस्यत्व मिळायला १९३७ उजाडले.

मोठ्या दगडाचे नावही बदलले. पियरीच्या मुलीचे मधले नाव 'आनिगितो' त्याला दिले गेले. १९०९ मध्ये संग्रहालयाने या उल्कांसाठी ४०,००० डॉलर मोजले. ते पियरीच्या पत्नीला मिळाले. इनुग्हुइटांना त्या रकमेतले काही मिळाले नाही.

पियरीच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो. तोवर व्हेल पकडणाऱ्या जहाजांकडून या लोकांना तयार लोखंड मिळू लागले होते, उल्केची गरज उरली नव्हती. मान्य, गरज कमी झाली होती. पण आपल्याला गरज उरली नाही म्हणून आपली वस्तू दुसऱ्याची होते, हा कायदा कुठला? आणि हा कायदा नेहमी दुबळ्याच्याच घराला का लागू होतो?

त्याच जहाजातली माणसे

'होप' जहाजातून केवळ दगड आला नाही. त्याच जहाजातून सहा इनुइट माणसेही न्यू यॉर्कला आणली गेली. त्यांत किसुक नावाचा शिकारी आणि त्याचा सहा-सात वर्षांचा मुलगा मिनिक होता. जहाज बंदराला लागले तेव्हा दगड आणि माणसे दोन्ही बघायला हजारो लोकांची झुंबड उडाली. अभ्यासासाठी म्हणून ही माणसे संग्रहालयाच्या इमारतीत ठेवली गेली. न्यू यॉर्कची हवा, तिथले आजार त्यांच्या शरीराला सोसले नाहीत. काही महिन्यांत सहापैकी चौघे क्षयासारख्या आजाराने मेले. किसुकही गेला. एक जण मायदेशी परतला. मिनिक उरला, पोरका.

पोराच्या समाधानासाठी संग्रहालयाच्या माणसांनी किसुकचा दफनविधी केला. तो खोटा होता. पुरले ते कापडात गुंडाळलेले लाकूड होते. किसुकची हाडे संग्रहालयाने संग्रहात ठेवली. मिनिकला हे पुढे कळले. त्याने वडिलांचा देह परत मागितला, १९०७ मध्ये वर्तमानपत्रांतून त्याची कहाणी छापून आली, तरी त्याला देह मिळाला नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तो अमेरिकेतच मेला. किसुक आणि इतर तिघांचे अवशेष ग्रीनलंडला परत गेले ते थेट १९९३ मध्ये.

दगड ओळखणाऱ्या माणसालाच दगडाशेजारी नमुना म्हणून मांडले गेले. ज्ञान देणारा ज्ञानाची वस्तू बनला. आम्ही या इतिहासाकडे बोट दाखवतो ते याचसाठी.

इथे बाबासाहेबांचा संदर्भ येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. १९१३ ते १९१६ बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. हे विद्यापीठ आणि ते संग्रहालय एकाच शहरात, एकमेकांपासून तीनेक किलोमीटरवर. पियरीकडे इनुइट माणूस आणण्याची मागणी करणारा आणि खोट्या दफनाशी संबंध असलेला मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस तेव्हा कोलंबियातच प्राध्यापक होता. बोआसचा शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर याच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी जातींच्या उगमावरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला.

ज्या बोआसने पुढे वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताला शास्त्रीय तडाखे दिले, त्याच बोआसने किसुकच्या बाबतीत माणुसकीला तिलांजली दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आणि त्याच विद्याशाखेच्या वर्गात, ज्या समाजाला जगाने केवळ 'अभ्यासाचा विषय' मानले होते, त्या समाजातला २५ वर्षांचा तरुण उभा राहिला तो अभ्यासक म्हणून. नमुना म्हणून मांडले जाण्याचे नाकारून त्याने मांडणाऱ्यांचीच व्यवस्था तपासायला घेतली. बाबासाहेबांच्या त्या निबंधाचे मोल आम्ही असेही मोजतो.

लोहाराचा दगड, प्राध्यापकाचे नाव

कोणी म्हणेल, हा एका पियरीचा दोष आहे. मग सायबेरियाकडे चला. १७४९ मध्ये क्रास्नोयार्स्कजवळच्या डोंगरात मेदवेदेव नावाच्या लोहाराला सुमारे ७०० किलोचा एक विचित्र गोळा दिसला. लोखंडाच्या जाळीत पिवळसर काचेसारखे खडे. हे साधे खनिज नव्हे हे लोहाराने ओळखले आणि एवढे धूड घरी ओढून आणले. तिथले तातार लोक ते आकाशातून पडले असे सांगत. १७७२ मध्ये पीटर पालास हा विद्वान तिथे आला, त्याने ते पाहिले, लिहिले आणि नमुने पाठवले. आज अशा उल्कांच्या संपूर्ण वर्गाला 'पालासाइट' म्हणतात. पालासने काम केले, त्याचे नाव राहावे. पण लोहाराचे नाव किती जणांनी ऐकले आहे?

त्याच काळात फ्रान्समध्ये ल्यूसे गावी आकाशातून दगड पडला. शेतात काम करणाऱ्यांनी तो पडताना पाहिला. पॅरिसच्या अकादमीतील विद्वानांनी, ज्यांत लाव्हाझियेसारखा थोर रसायनशास्त्रज्ञ होता, दगड तपासला आणि निष्कर्ष दिला की हा जमिनीवरचाच दगड, त्यावर वीज पडली असावी. शेतकऱ्यांची साक्ष उडवली गेली. १७९४ मध्ये क्लाड्नी या जर्मन अभ्यासकाने पालासच्या लोखंडावर पुस्तक लिहून सांगितले की असे गोळे खरेच आकाशातून पडतात. त्याचीही थट्टा झाली. शेवटी २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधल्या लेग्ल गावाच्या परिसरात हजारो दगडांचा पाऊस पडला. बियो या तरुण वैज्ञानिकाला पाठवले गेले. तो गावोगाव हिंडला, साक्षीदारांना विचारले, दगड कुठे कुठे पडले याची नोंद केली, आणि वाद मिटला.

विज्ञान पुढे गेले ते विद्वानांनी गावकऱ्यांचे ऐकून घेतले तेव्हा. आणि गावकऱ्यांचे सांगणे टिकले ते तपासले गेले तेव्हा. दोन्ही हात लागतात.

विद्वानही फसतात याचा दाखला ग्रीनलंडमध्येच आहे. १८७० मध्ये नॉर्डेनशॉल्ड या स्वीडिश संशोधकाला डिस्को बेटावर लोखंडाचे मोठाले गोळे मिळाले. जड, चुंबकीय, धातूचे. त्याने त्यांना उल्का ठरवले. पुढे स्टीनस्ट्रप या डॅनिश अभ्यासकाने दाखवून दिले की हे लोखंड तिथल्या बसॉल्ट खडकाच्या पोटातच तयार झालेले आहे. जड आहे, चुंबकाला चिकटते, चकाकते, एवढ्यावर दगड ओळखता येत नाही.

आपल्या शिवेवरचा दगड

आता आपल्याकडे येऊ. मध्य भारतातले आगरिया आणि छोटा नागपूरचे असुर हे पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळणारे आदिवासी. कोणता दगड भट्टीत घालण्याजोगा आहे हे ते वजनावरून, रंगावरून, फुटण्याच्या पद्धतीवरून ओळखत. इंग्रजी राजवटीत जंगल कायद्यांनी त्यांचा कोळसा बंद केला, विलायती लोखंडाने बाजार बुडवला. आगरियांच्या भट्ट्या विझल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या पोलाद कारखान्यासाठी खनिजाचा शोध सुरू झाला, तेव्हा शोधकर्ते म्हणून नावे लागली ती भूवैज्ञानिकांची आणि उद्योगपतींची. डोंगर मात्र त्याच पट्ट्यातले होते, जिथे आगरियांच्या भट्ट्या पेटत होत्या.

युरोपात लोहाराचे नाव विसरले गेले. आपल्याकडे त्यावर आणखी एक पाऊल पडले. इथे हाताने काम करणाऱ्याला नीच ठरवण्यासाठी धर्मशास्त्र उभे केले. बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. ज्याला दगड कळतो त्याने लिहायचे नाही, आणि जो लिहितो त्याने दगडाला हात लावायचा नाही. अशा समाजात विज्ञान रुजणार कसे?

नाव नोंदवणे अशक्य होते असेही नाही. १६२१ मध्ये जालंधरजवळ लोह-उल्का पडली. बादशहा जहांगीरने तिच्यापासून तलवारी घडवून घेतल्या. निव्वळ उल्केचे लोखंड घणाखाली फुटत होते, म्हणून त्यात साधे लोखंड मिसळावे लागले. हे सारे त्याच्या आत्मवृत्तात आहे, आणि कारागीर उस्ताद दाऊद याचे नावही आहे. इच्छा असली की नाव लिहिता येते.

आणि आपल्या घरचे उदाहरण? गावाच्या शिवेचा वाद उभा राहिला की साक्ष महाराची चाले. शिवेचा दगड कुठला, तो हलवला आहे की जागचा आहे, हे महार सांगे आणि गाव ते मानी. संपूर्ण गावाची हद्द ज्याच्या डोक्यात होती, त्याच्या नावावर त्या हद्दीतली जमीन किती होती? केप यॉर्कचा वाटाड्या आणि शिवेवरचा महार हे एकाच इतिहासाची दोन पाने आहेत.

मग दगड ओळखायचा कसा?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला. कारण आजही आपल्या वस्त्यांत, नांगरटीत, खाणीत जड काळा दगड सापडतो आणि लगेच दोन टोळ्या हजर होतात. एक म्हणते, देव प्रकटला. दुसरी म्हणते, हा 'राइस पुलर' आहे, कोट्यवधींना विकून देतो, आधी तपासणीचे पैसे भरा. दोघांचाही धंदा आपल्या अज्ञानावर चालतो. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा गुरूच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखून घ्या, हा तथागतांचा कालामांना उपदेश दगडालाही लागू आहे.

पारख अशी करावी. दगड हवेत तोला. मग दोरीला बांधून पाण्यात बुडवून तोला. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागा. उत्तर ३ च्या आसपास आले तर साधा बसॉल्ट असू शकतो, ५ च्या आसपास आले तर लोहखनिज, आणि ७ च्या वर गेले तर जवळजवळ निव्वळ लोखंड. नंतर दगड फरशीच्या खडबडीत मागच्या बाजूवर घासा. तांबडी रेघ उठली तर हेमॅटाइट, काळी उठली आणि चुंबक घट्ट चिकटले तर मॅग्नेटाइट. दगडात बुडबुड्यांसारखी छिद्रे दिसली तर बहुधा तो भट्टीतला मळ आहे. उल्केवर पातळ काळे जळके कवच असते, कधी अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे असतात. लोह-उल्का कापून, घासून, आम्लाने धुतली तर बहुतेकींत एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी दिसते. ही नक्षी लाखो वर्षे अतिशय सावकाश थंड होण्याने येते, कोणत्याही भट्टीत घडवता येत नाही. पण कापण्याचे आणि आम्लाचे काम घरी करू नये. ते आणि निकेलची अंतिम तपासणी प्रयोगशाळेचे काम. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे मोठे कार्यालय नागपुरात आहे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला उल्का पडल्या, तेव्हा लोकांच्या घराअंगणात पडलेले तुकडे गोळा करून तपासणी झाली होती.

एक काम मात्र दगड देण्याआधी करा. तारीख, गाव, शिवार, दगड कोणाला कसा सापडला, वजन किती, हे सारे कागदावर लिहा. फोटो काढा. सापडलेल्या माणसाचे पूर्ण नाव लिहा, मग ती खाणीतली मजूर बाई असो की गुरे राखणारा पोरगा. सही नाहीतर अंगठा घ्या. पोच मागा.

पियरीने एक अक्षर ओरखडले आणि दगड त्याचा झाला. आपल्या पूर्वजांना दगड कळत होता, पण अक्षर त्यांच्यापासून तोडले गेले होते. आज अक्षर आपल्या हातात आहे. ते कोणी दान दिलेले नाही, फुले-आंबेडकरांनी झगडून मिळवून दिलेले आहे. दुसऱ्याच्या दगडावर आपले नाव कोरण्यासाठी ते वापरायचे नाही. ज्याने दगड ओळखला त्याचे नाव नोंदवण्यासाठी ते वापरायचे आहे.

जय भीम!